संकराचे बळ येते कुठून?

जून जवळ आला की विदर्भ-मराठवाड्यात कापसाच्या बियाण्याची पाकिटे घेण्यासाठी कृषी सेवा केंद्रांसमोर गर्दी होते. घरात गेल्या हंगामाची सरकी पडून असली तरी ती पेरून भागत नाही, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते. संकरित वाणाचे बी दरवर्षी नवे घ्यायचे, हे आता अंगवळणी पडले आहे. या सवयीच्या मुळाशी जीवशास्त्रातला एक जुना प्रश्न आहे. दोन वेगळ्या वाणांचा संकर केला की पहिली पिढी दोन्ही पालकांपेक्षा जोमदार का निघते? आणि तो जोम पुढच्या पिढीत का टिकत नाही?

या जोमाला संकरज ओज म्हणतात. मका, ज्वारी, बाजरी, भात, कापूस, सूर्यफूल, टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी अशा कितीतरी पिकांची आजची शेती त्यावर उभी आहे. त्याच्या कारणाबद्दल मात्र शास्त्रज्ञांत शतकभर मतभेद राहिले, आणि त्या मतभेदांची झळ थेट बांधापर्यंत पोचते. दोन पालकांचे दोष परस्परांनी झाकले गेल्यामुळे जोम येत असेल, तर ते दोष काढून टाकून तितकाच जोमदार सरळ, म्हणजे संकरित नसलेला, वाण निदान तत्त्वतः घडवता येईल, आणि शेतकऱ्याला त्याचे बी घरचे धरता येईल. जोम जनुकांच्या वेगळेपणातूनच येत असेल, तर सरळ वाणात तो कधीच उतरणार नाही. शंभर वर्षांचा पुरावा यांपैकी कोणत्या बाजूला झुकतो, हे पाहायला हवे.

निरीक्षण आधी, कारण नंतर

संकरित रोपे दांडगी होतात हे जनुकांची कल्पना येण्याच्या खूप आधी लक्षात आले होते. १७६० च्या दशकात जोसेफ कोलरॉयटर यांनी तंबाखूच्या निरनिराळ्या जातींचे संकर केले तेव्हा त्यांना अशी रोपे दिसली. चार्ल्स डार्विन यांनी अनेक वर्षे स्वपरागीकरणातून आणि परपरागीकरणातून आलेली रोपे शेजारी शेजारी वाढवून मोजली आणि १८७६ मध्ये त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. स्वतःच्याच परागकणांतून आलेली संतती बहुधा खुजी आणि कमजोर, परक्या परागकणांतून आलेली उंच आणि सुपीक, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांच्या रोपांत मकाही होता.

खरी कलाटणी मिळाली ती अमेरिकेत, मक्याच्याच शेतात. जॉर्ज शल हे न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे मक्याच्या कणसावरील दाण्यांच्या रांगांचा अभ्यास करत होते. त्यासाठी ते प्रत्येक झाडाच्या तुऱ्यातले पराग त्याच झाडाच्या कणसावर टाकत. पिढीगणिक झाडे खुजी होत गेली, कणसे लहान झाली. पण प्रत्येक वंश आपापल्या परीने अगदी एकसारखा झाला. अशा दोन क्षीण वंशांचा संकर केल्यावर पहिल्याच पिढीत गेलेला जोम परत आला, काही संकरांत तर मूळ वाणापेक्षाही जास्त. १९०८ मध्ये शल यांनी हे मांडले. शेतात दिसणारा मका हा असंख्य संकरांचा मेळा आहे, त्यातला उत्तम संकर निवडून तोच दरवर्षी नव्याने तयार करावा, अशी त्यांची सूचना होती. कनेक्टिकटमध्ये एडवर्ड ईस्ट त्याच सुमारास त्याच वाटेने चालले होते. १९१४ मध्ये शल यांनी या घटनेला ‘हेटेरोसिस’ हे नाव दिले.

कल्पना चांगली असली तरी व्यवहार अडला. अशा अंतर्जात, म्हणजे सतत स्वपरागीकरणाने काढलेल्या, वंशाची झाडे इतकी दुबळी होती की त्यांच्यावर येणारे संकरित बी फार थोडे आणि महाग पडे. डोनाल्ड जोन्स यांनी १९१८ च्या सुमारास त्यावर तोड काढली. चार अंतर्जात वंश घेऊन आधी दोन संकर करायचे आणि मग त्या दोन जोमदार संकरांचा पुन्हा संकर करायचा. आता बी एका सशक्त झाडावर धरू लागले आणि भरपूर मिळू लागले. १९२६ मध्ये हेन्री वॉलेस यांनी संकरित मक्याची कंपनी काढली. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला आयोवा राज्यातला जवळजवळ सगळा मका संकरित झाला होता.

पहिले उत्तर: दोष झाकले जातात

प्रत्येक पेशीत प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, दुसरी बापाकडून. पिढ्यान् पिढ्या उत्परिवर्तने साचत जातात आणि त्यांतली बहुतेक किंचित घातक असतात. एक प्रत धड असेल तर दुसरीचा दोष सहसा जाणवत नाही, कारण धड प्रत प्रभावी ठरते. परपरागीकरण होणाऱ्या पिकात असे दोष लपून राहतात. स्वपरागीकरण करत गेले की दोन्ही प्रती सारख्या होतात आणि लपलेला दोष उघडा पडतो. शल यांची मक्याची झाडे खुजी झाली ती यामुळे. दोन जीर्ण पोथ्यांची वेगवेगळी पाने गहाळ असतील तर दोन्ही मिळून पाठ पूर्ण होतो, तसे दोन वंशांचे दोष वेगवेगळ्या जनुकांत असले की संकरात प्रत्येक जनुकाची एक तरी धड प्रत असते.

प्रभावितेचा हा सिद्धान्त १९०८ ते १९१० या काळात आकाराला आला. त्याचे सर्वांत सुटसुटीत उदाहरण कीबल आणि पेल्यू यांनी १९१० मध्ये वाटाण्यात दाखवले. त्यांच्याकडे साधारण पाच-सहा फूट उंचीचे दोन वाण होते. एकाची कांडी लांब पण खोड बारीक, दुसऱ्याचे खोड जाड पण कांडी आखूड. संकराला एका पालकाकडून लांब कांडी मिळाली, दुसऱ्याकडून जाड खोड, आणि वेल सात-आठ फुटांवर गेला. दोन जनुकांत हिशेब मिटला, गूढ काही उरले नाही.

यावर एक रास्त आक्षेप आला. दोष झाकले जाण्यातून जोम येत असेल, तर सगळी चांगली रूपे एकाच वंशात गोळा करून संकराइतकाच जोमदार शुद्ध वंश का मिळत नाही? जोन्स यांनी १९१७ मध्ये याचे उत्तर दिले. जनुके सुटी नसतात, गुणसूत्रावर ओळीने बांधलेली असतात. चांगल्या रूपाच्या शेजारी वाईट रूप बसलेले असले तर दोन्ही बरोबरच पुढच्या पिढीत जातात. शिवाय संख्येचा प्रश्न आहे. दोन पालकांत समजा फक्त ३० जनुकांचा फरक आहे आणि ती सगळी सुटी आहेत. तरी त्या संकरातून स्वपरागीकरणाने शुद्ध वंश काढताना तीसही ठिकाणी चांगले रूप येण्याची शक्यता १०७ कोटींत एक आहे. प्रत्यक्षात फरक शेकडो-हजारो जनुकांचा असतो. म्हणजे आदर्श शुद्ध वंश तत्त्वतः शक्य आहे, पण एका झेपेत तो हाती येत नाही.

दुसरे उत्तर: वेगळेपणातच बळ

ईस्ट आणि शल यांना दुसरी शक्यता जास्त पटत होती. एकाच जनुकाच्या दोन वेगळ्या रूपांनी एकत्र काम केले तर ते कोणत्याही एका रूपाच्या जोडीपेक्षा सरस ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे याला अतिप्रभाविता म्हणू लागले. हे खरे असेल तर शुद्ध वाण कितीही सुधारला तरी संकराला गाठू शकणार नाही.

१९४० च्या दशकात या मताला जोर चढला. प्रभावितेने इतका मोठा जोम स्पष्ट होत नाही, असे गणित अनेकांनी मांडले. मग अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात कॉमस्टॉक आणि रॉबिन्सन यांनी एक वेगळी प्रयोगपद्धती बसवली. संकराच्या दुसऱ्या पिढीतून प्रभावितेचे सरासरी माप काढले तेव्हा ते अतिप्रभावितेकडे झुकलेले दिसले. पण तीच झाडे अनेक पिढ्या आपसात मुक्तपणे परागित होऊ दिली, म्हणजे गुणसूत्रांचे तुकडे पुन्हा पुन्हा अदलाबदल होऊन शेजारची जनुके सुटी झाली, तेव्हा ते माप खाली आले. आधी दिसलेली अतिप्रभाविता बऱ्याच अंशी आभासी होती. एकमेकांना चिकटून बसलेली दोन जनुके, एका वंशात पहिले चांगले आणि दुसरे वाईट, दुसऱ्या वंशात उलट. मोजणाऱ्याला ती जोडी एकच जनुक वाटत होती.

जनुकांच्या खुणा वापरता येऊ लागल्यावर हीच गोष्ट पुन्हा घडली. १९९२ मध्ये चार्ल्स स्टबर आणि सहकाऱ्यांनी बी-७३ आणि एमओ-१७ या दोन प्रसिद्ध मका वंशांच्या संकराचा अभ्यास छापला. उत्पादनाशी संबंधित जवळजवळ प्रत्येक ठिकाणी दोन वेगळी रूपे असलेली झाडे सरस निघाली आणि अतिप्रभावितेचे पारडे जड झाल्यासारखे वाटले. पाच वर्षांनी त्याच गटाने पाचव्या गुणसूत्रावरचा एक मोठा भाग बारकाईने उलगडला. तिथे विरुद्ध बाजूंनी बसलेली किमान दोन वेगळी जनुकस्थाने निघाली आणि प्रत्येकाचे वागणे साध्या प्रभावितेचे होते.

आपल्या ओळखीच्या ज्वारीतही असेच दिसले आहे. ज्वारीचे ताट बुटके करणारे डीडब्ल्यू-३ हे जनुक पैदासकारांनी जगभर वापरले. त्याच्या शेजारीच उंचीवर परिणाम करणारे दुसरे स्थान आहे. काही संकरांत हा भाग अतिप्रभावी असल्यासारखा वागतो. २०१५ मध्ये आयोवातल्या संशोधकांनी ही दोन स्थाने वेगळी करून दाखवली आणि संकराची जास्तीची उंची या विरुद्ध जोडणीतून येते हे सिद्ध केले.

मक्याच्या जनुकसंचाचा नकाशा हाती आल्यावर याला आणखी बळकटी मिळाली. गुणसूत्राच्या मध्याजवळच्या भागात तुकड्यांची अदलाबदल फार कमी होते. २००९ मध्ये असे आढळले की अनेक पिढ्या स्वपरागीकरण करूनही नेमक्या याच भागांत दोन वेगळी रूपे अपेक्षेपेक्षा जास्त टिकून राहतात. ज्या झाडांत हा भाग दोन्ही बाजूंनी सारखा झाला ती मागे पडली असावीत. चांगले-वाईट जिथे सुटे होऊच शकत नाही तिथे संकराचा फायदा सर्वांत जास्त, हे जोन्स यांचे १९१७ चे म्हणणे नव्वद वर्षांनी असे खरे ठरले.

टोमॅटोतील अर्धी मात्रा

म्हणून खरी अतिप्रभाविता नसतेच असे नाही. तिचा सर्वांत स्वच्छ पुरावा टोमॅटोत मिळाला, आणि तो जवळून पाहण्यासारखा आहे.

टोमॅटोच्या झाडात एसएफटी नावाचे जनुक आहे. फुलोऱ्याला चालना देणारे संप्रेरकासारखे प्रथिन ते बनवते. दुसरे एक जनुक, एसपी, याच्या उलट बाजूने काम करते आणि फांदीची वाढ चालू ठेवते. प्रक्रिया उद्योगासाठी लावतात त्या बुटक्या टोमॅटोत एसपी बिघडलेले असते. त्यामुळे काही झुपके आले की फांदीची वाढ थांबते, सगळी फळे एकदम पिकतात आणि यंत्राने तोडता येतात. अशा झाडात एसएफटीच्या दोन्ही प्रती बिघडवल्या तर फुले उशिरा आणि अगदी थोडी येतात, पीक हाती लागत नाही. एकच प्रत बिघडलेली असेल तर मात्र फुलोऱ्याचा जोर थोडा मंदावतो, वाढ लवकर आवरत नाही, झाड आणखी काही झुपके धरते आणि फळेही पुरेशा वेळात पिकतात. इस्रायलमधले डॅनी झमीर आणि अमेरिकेतले झकरी लिपमन यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवले की या एका जनुकाच्या अशा अर्ध्या मात्रेने उत्पादन ६० टक्क्यांपर्यंत वाढू शकते. लिपमन यांची प्रयोगशाळा कोल्ड स्प्रिंग हार्बरलाच आहे, जिथे शल यांनी मक्याची कणसे मोजली होती.

यात जनुकाच्या दोन रूपांनी मिळून काही नवे घडवलेले नाही. प्रथिनाची मात्रा न फार, न थोडी अशी मिळाली, इतकेच. फुलोरा, वाढ, उंची असे निर्णय मात्रेवर चालतात आणि दोन टोकांच्या मधली मात्रा पिकाला सोसणारी असते. मात्रेवर चालणाऱ्या नियंत्रक जनुकांचा संकरज ओजात मोठा वाटा आहे, असा विचार जेम्स बर्चलर यांनीही बराच काळ मांडला आहे.

भाताचा हिशेब

भात हे स्वपरागीकरणाचे पीक आहे. त्यात दोष पिढ्यान् पिढ्या उघडे पडून गाळले गेलेले असतात, म्हणून संकरज ओज कमी असावे, असा समज होता. युआन लाँगपिंग आणि सहकाऱ्यांनी चीनमध्ये तो खोडून काढला. १९७० मध्ये हैनान बेटावर त्यांच्या गटाला रानटी भाताचे परागहीन झाड मिळाले. १९७३ पर्यंत संकराची पद्धत बसली, १९७६ पासून शेतकऱ्यांपर्यंत बी पोचले. उत्तम सरळ वाणापेक्षा साधारण २० टक्के जास्त उत्पादन मिळू लागले. पुढे आपल्याकडे कोकणात, कर्जतच्या संशोधन केंद्रातून ‘सह्याद्री’ मालिकेतले संकरित भात आले.

चीनमधल्या भाताच्या अभ्यासांनी कारणांचे चित्र गुंतागुंतीचे केले. १९९५ च्या एका अभ्यासात प्रभाविता मुख्य दिसली. १९९७ मध्ये वूहान येथील झांग छीफा यांच्या गटाने शानयू-६३ या अतिशय गाजलेल्या संकरात वेगवेगळ्या ठिकाणच्या जनुकांची आंतरक्रिया महत्त्वाची असल्याचे दाखवले. म्हणजे एका जनुकाचा परिणाम दुसऱ्या ठिकाणी कोणते रूप आहे यावर अवलंबून होता.

२०१६ मध्ये १७ संकरांतली दहा हजारांहून जास्त झाडे तपासलेला मोठा अभ्यास आला. सगळ्या संकरांना लागू पडेल असे एकही जनुकस्थान त्यात सापडले नाही. पण संकरांच्या प्रत्येक गटात मादी वाणाकडून आलेल्या थोड्याच स्थानांनी उत्पादनातली बरीच आघाडी स्पष्ट केली. त्यांतल्या काही स्थानांचे वागणे आंशिक प्रभावितेचे होते.

मधल्यामध्ये राहणारे गुण दोन्ही पालकांवर मात कशी करतात? उत्पादन म्हणजे लोंब्यांची संख्या गुणिले लोंबीतले दाणे. उदाहरणापुरते धरू, एका वाणाला १६ लोंब्या आणि दर लोंबीला ८० दाणे. दुसऱ्याला ८ लोंब्या आणि १६० दाणे. दोघांचे दाणे १२८०. संकर दोन्ही गुणांत अगदी मध्यावर राहिला, म्हणजे १२ लोंब्या आणि १२० दाणे, तरी गुणाकार १४४० होतो. आंशिक प्रभावितेने तो १४ आणि १४० वर गेला तर १९६० दाणे. एकाही गुणात संकर वरचढ पालकाच्या पुढे गेलेला नाही, तरी उत्पादनात दीडपट झाला. अतिप्रभावितेची गरज पडली नाही. संकरज ओज उंचीपेक्षा उत्पादनात जास्त का दिसते, याचेही बरेचसे उत्तर या गुणाकारात आहे.

नवी भर

एकाच पिकाच्या दोन वाणांत जनुके सारखीच असतात आणि फरक फक्त त्यांच्या रूपांत असतो, ही समजूतही गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ढासळली. २००२ मध्ये मक्याच्या एका छोट्या भागाची तुलना केली तेव्हा एका वंशात असलेले जनुकांचे पट्टे दुसऱ्यात मुळी नव्हतेच. २०२१ मध्ये २६ मका वंशांचे जनुकसंच पूर्ण वाचले गेले. सगळ्यांत मिळून एक लाखाहून जास्त जनुके मोजली गेली, आणि सर्व वंशांत सामाईक असलेली त्यातली लहान हिश्शाची. मग संकराला दोन्ही बाजूंची जनुके मिळतात यालाच महत्त्व येते. एकाच पालकात चालू असलेली जनुके संकरात बहुधा चालूच राहतात, हेही मक्यात दिसले आहे.

बाकी धाग्यांवर काम चालू आहे. मोहरीच्या कुळातल्या अराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या झाडात संकराने दिवस-रात्रीच्या जैविक घड्याळाची जनुके बदललेली आढळली आणि त्यामुळे हरितद्रव्य व पिष्टाची निर्मिती वाढली. जनुकांवरच्या रासायनिक खुणा आणि लहान आरएनए यांचाही वाटा असल्याचे संकेत आहेत. २०२१ मध्ये मक्याची रोपे पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवली तेव्हा संकराची आघाडी जवळजवळ मावळली आणि मोजके जिवाणू घातल्यावर परतली. संकराचा काही जोम मातीतल्या सूक्ष्मजीवांशी त्याच्या वागण्यातून येतो, असे यावरून दिसते. मूळ हिशेबात या सगळ्याची भर पडते, तो रद्द होत नाही.

बी तयार होते तेव्हा

संकरित बी मोठ्या प्रमाणावर करायचे तर मादी झाडाने स्वतःचे पराग वापरता कामा नयेत. मक्यात तुरा खुडला की काम होते. ज्वारी-बाजरीत प्रत्येक फूल नर-मादी दोन्ही असल्याने तसे जमत नाही. तिथे नरवंध्य वंश लागतात. परागहीनता पेशीतल्या तंतुकणिकांतून, म्हणजे फक्त आईकडून येते, आणि पराग पुन्हा धरवणारे जनुक नर वंशाच्या पेशीकेंद्रकातून येते. ज्वारीत हे १९५४ मध्ये सापडले. त्यावर १९६४ मध्ये भारतात सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला आणि पुढच्याच वर्षी लुधियानाहून एचबी-१ ही बाजरी.

या सोयीत धोकाही होता. मक्यातही तुरे खुडण्याऐवजी नरवंध्यता वापरली जाऊ लागली होती, आणि १९७० मध्ये अमेरिकेतला बहुतेक मका एकाच टेक्सास नरवंध्य मुळावर अवलंबून होता. त्याच मुळातल्या एका प्रथिनामुळे तो करप्याच्या एका बुरशीला बळी पडला आणि देशाच्या पिकाचा सुमारे १५ टक्के भाग गेला. आपल्याकडेही सुरुवातीच्या संकरित बाजरीवर गोसावी रोगाने मोठा घाला घातला. जोम देणाऱ्या पद्धतीने शेतातली विविधता आकुंचन पावते, हा धडा तेव्हाच मिळाला.

कापसाचे बहुतेक संकरित बी भारतात अजून हातानेच तयार होते. सुरत येथे सी. टी. पटेल यांनी १९७० मध्ये एच-४ हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस दिला, तेव्हापासून पद्धत फारशी बदललेली नाही. दुपार उतरली की मादी ओळींत उद्या उमलणाऱ्या कळ्या हेरायच्या. अंगठ्याच्या नखाने पाकळ्यांसकट पुंकेसरांची नळी अलगद सोलून काढायची, आत कुक्षीला धक्का लागू द्यायचा नाही, आणि उघड्या कुक्षीवर रंगीत कागदाची टोपी चढवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी काढून नर फूल कुक्षीवर फिरवायचे. एका नर फुलात चार-पाच मादी फुले होतात. एका बोंडातून मिळते ती पंचवीस-तीस सरकी. हे काम मुख्यतः बायकांचे, आणि अनेक वर्षे मुलींचेही बालपण त्यात गेले. संकरज ओजाचा हिशेब मांडताना ही मजुरी वगळता येत नाही.

मग घरचे बी का नाही?

संकरित झाडाचे बी पेरले की दुसऱ्या पिढीत वेगळी रूपे जोडीने असण्याचे प्रमाण निम्म्यावर येते. साध्या प्रभावितेच्या हिशेबाने जादा उत्पादनापैकी निम्मे तिथेच गळते, झाडे उंच-बुटकी, लवकर-उशिराची अशी मिसळून येतात. भारताच्या २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, वापरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क दिला आहे. संकरित वाणापुरता हा हक्क निसर्गनियमानेच निष्प्रभ होतो. ही गोष्ट ईस्ट आणि जोन्स यांना १९१९ मध्येच कळली होती. या पद्धतीने बियाणे व्यापाऱ्याला आपल्या वाणाचा पूर्ण लाभ राखता येईल, असे त्यांनी आपल्या पुस्तकात मोकळेपणाने लिहिले. १९८६ मध्ये रिचर्ड लेवॉन्टिन आणि झाँ-पिएर बेर्लाँ यांनी यावर बोट ठेवले. मुक्त परागीकरणाच्या वाणांवर तितकेच श्रम घेतले असते तर तेही खूप पुढे गेले असते, असा त्यांचा मुद्दा होता.

या मुद्द्यात तथ्य आहे, आणि जनुकांचा पुरावा त्याच्या बाजूने आहे. मक्यात गेल्या शतकात संकरांबरोबर त्यांचे अंतर्जात पालकही सातत्याने सुधारत गेले. १९१८ मध्ये ज्यांच्यावर बी जेमतेम धरत होते अशा वंशांच्या जागी १९६० च्या दशकापर्यंत इतके सशक्त वंश आले की चौघांऐवजी दोघांचा साधा संकर परवडू लागला. डोनाल्ड डुव्हिक यांनी जुने-नवे वाण शेजारी लावून तपासले. उत्पादनवाढीचा मोठा भाग दाट लागवड आणि ताण सोसण्याच्या क्षमतेतून आला होता. म्हणजे दोष हळूहळू गाळता येतात. प्रभावितेच्या सिद्धान्ताने हेच सांगितले होते.

सरळ वाण संकरापुढे टिकू शकतो, याची साक्ष महाराष्ट्रातली रब्बी ज्वारी देते. खरिपात हायब्रीड ज्वारीने उत्पादन वाढवले. पण कणीस पावसात सापडले की दाणा काळा पडतो, म्हणून भाकरीसाठी तिला मान मिळाला नाही. रब्बीत मोहोळला स्थानिक मालदांडीतून निवडलेला ३५-१ हा सरळ वाण अजूनही सोलापूर-अहिल्यानगर-मराठवाड्याच्या कोरडवाहू जमिनीत पाय रोवून आहे. टपोरा मोत्यासारखा दाणा, जनावरांना आवडणारा कडबा, खोडमाशीला दाद न देणे आणि थंडीत दाणा भरणे, हे सगळे एकत्र देणारा संकर त्याला हटवू शकला नाही. त्यानंतर आलेले फुले वसुधा, फुले रेवती, परभणी मोती हेही सरळ वाणच आहेत. उत्पादनाचा जोम हा शेतकऱ्याच्या अनेक गरजांपैकी एक आहे.

कापसाचा प्रश्न जास्त निकडीचा आहे. जगात बहुतेक ठिकाणी कापूस सरळ वाणांचा होतो, भारतात जवळजवळ सगळा संकरित. २००२ नंतर बीटी जनुकही आपल्याकडे मुख्यतः संकरित वाणांतूनच आले. बी महाग म्हणून झाडे विरळ लावायची, विरळ झाडे फोफावून हंगाम लांबवतात, लांबलेल्या हंगामात बोंडअळीचे फावते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने आटोपशीर सरळ वाणांच्या दाट लागवडीचा पर्याय पुढे आणला आहे. कोरडवाहू विदर्भासाठी तो गांभीर्याने घ्यायला हवा.

आणखी एक वाट आहे. संकराचा जोम संततीत हुबेहूब उतरवायचा, म्हणजे फलनाशिवाय बी धरवायचे. काही गवतांत हे निसर्गतः होते. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस येथे वेंकटेशन सुंदरेशन आणि इम्तियाज खांडे यांच्या गटाने भातात हे करून दाखवले. अर्धसूत्री विभाजनाची तीन जनुके बंद केली आणि अंडपेशीत भ्रूण सुरू करणारे जनुक चालू केले. झाडाचे काही बी मूळ झाडाची प्रतिकृती निघाले. २०२२ मध्ये फ्रान्सच्या संशोधकांसह झालेल्या कामात संकरित भातात हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर गेले. ते शेतापर्यंत पोचले तर संकराचे बी घरचे धरता येईल. ते कोणाच्या मालकीचे असेल, हे मात्र प्रयोगशाळा ठरवणार नाही.

शतकभराच्या पुराव्याचा एकत्रित अर्थ असा निघतो. संकरज ओजाला एकच कारण नाही, पण त्याचा मोठा भाग दोष झाकले जाण्यातून आणि गुणांच्या गुणाकारातून येतो. मात्रेवर चालणाऱ्या थोड्या जनुकांत खरी अतिप्रभाविता आहे, आंतरक्रिया आहेत, आणि प्रत्येक पिकात यांचे प्रमाण वेगळे आहे. म्हणून ‘संकराशिवाय उत्पादन नाही’ हे विधान सर्व पिकांना लावता येत नाही. मक्यात आणि बाजरीत संकराला आज तोड नाही. भातात, कापसात, रब्बी ज्वारीत सरळ वाणात दडलेली वाढ अजून पुरती काढून झालेली नाही. ती काढण्याचे काम खासगी कंपनी करणार नाही, कारण ते बी एकदाच विकले जाते. ते राहुरी, परभणी, अकोला, दापोलीच्या कृषी विद्यापीठांचे काम आहे, आणि त्यासाठी त्यांना दीर्घकाळ पैसा व माणसे पुरवणे हे सरकारचे. कोणत्या पिकात संकर अपरिहार्य आणि कोणत्या पिकात तो केवळ सोयीचा, हे जनुके आता पुरेशा स्पष्टपणे सांगू लागली आहेत. बियाण्याचे धोरण त्या उत्तरावर बेतले पाहिजे.